गाडी न थांबणारं रेल्वेचं गाव

"तुमच्या गावात गाडी थांबते?" एवढंच विचारलं होतं त्या आजोबांनी. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या बून गावातलं छोटं रेल्वे संग्रहालय, कपाटांत ओळीने मांडलेले जुने कंदील, भिंतीवर शिट्ट्या, बिल्ले, वेळापत्रकं, आणि त्या सगळ्यावर पितळ घासायच्या पॉलिशचा वास. मी भुसावळची, वडील रेल्वेत गार्ड होते, अख्खं बालपण क्वार्टरमध्ये गेलं, हे मी नको तितक्या उत्साहाने सांगून टाकलं. परदेशात रेल्वेचं काही दिसलं की माझं असंच होतं. भुसावळ कुठे, केवढं, तिथे काय पिकतं, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. फक्त गाडी थांबते का. "जवळजवळ सगळ्याच थांबतात," मी हसत म्हटलं. "बरं आहे," म्हणाले, आणि हातातला दिवा पुन्हा घासायला लागले. त्या 'बरं आहे'त हेवा होता की नुसतं सौजन्य, ते मला कळलं नाही, आणि म्हणूनच ते डोक्यातून गेलं नाही.

मी राहते ते एम्स हे गाव विद्यापीठाचं आहे. तिथून पश्चिमेला मोटारीने पंचवीसेक मिनिटांवर बून. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. जुलैत मका इतका वाढलेला असतो की मोटारीतून फक्त हिरवी भिंत दिसते आणि तिच्यावर आभाळ. मग धान्याची उंच राखाडी कोठारं दिसतात, पाण्याची टाकी, आणि गाव येतं. बारा हजारांच्या आसपास वस्ती. मुख्य बाजारपेठेत विटांच्या दुमजली इमारती, काही दुकानं चालू, काहींच्या काचेवर आतून कागद चिकटवलेले. या गावाला रेल्वेचं फार. सप्टेंबरात रेल्वेच्या नावाने जत्रा भरते, मिरवणूक निघते. आणि दिवसरात्र गावातून मालगाड्या जात असतात. दोन-दोन मजली कंटेनर, वायोमिंगचा कोळसा, धान्य, इथेनॉलच्या काळ्या टाक्या. गावाबाहेरच्या प्रत्येक फाटकावर भोंगा: दोन लांब, एक आखूड, एक लांब. रात्री वारा पडलेला असला की तो मैलोन्‌मैल ऐकू येतो.

पण या गावातून तुम्ही रेल्वेने कुठेही जाऊ शकत नाही.

प्रवासी गाडी इथे थांबेनाशी झाल्याला अर्धशतक कधीच उलटलं. मालगाडी थांबली तर ती इंजिनातली माणसं बदलायला. बूनच्या माणसाला प्रवासी गाडीत बसायचंच असेल तर त्याने दीडेक तास मोटार हाकत दक्षिणेला ऑसिओलापर्यंत जावं. तिथे शिकागो-कॅलिफोर्निया गाडी दिवसातून एकदा इकडे आणि एकदा तिकडे जाते. माझं बालपण गाड्यांच्या वेळांवर चाललं. पॅसेंजर गेली की दूध तापवायचं, अमुक एक्स्प्रेस आली की शाळेला निघायचं. त्यामुळे रेल्वेवर इतकं प्रेम करणारं आणि रेल्वेत बसू न शकणारं गाव मला आधी विनोदीच वाटलं होतं. मग हळूहळू त्याचा इतिहास कानावर पडत गेला, आणि हसू जरा ओसरलं.

रेल्वे यायच्या आधी इथे बून्सबरो नावाचं गाव होतं. जिल्ह्याचं ठिकाण, कचेरी, दुकानं, सगळं रीतसर. १८६५ मध्ये रूळ आले ते त्याला वळसा घालून. कंपनीने स्टेशन टाकलं पूर्वेला मैलभर अंतरावर, रिकाम्या माळावर, आणि तिथे आपलं नवं गाव आखलं. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात हा धंदा सर्रास चाले: जमीन आधी घ्यायची, स्टेशन तिथे काढायचं, मग प्लॉट विकायचे. आपल्याकडे विमानतळ किंवा समृद्धी महामार्ग कुठून जाणार हे आधी कळलेल्यांचं जे होतं, तेच. नव्या गावाचं नाव आधी माँटाना, मग १८७१ पासून बून. बून्सबरोने वीसेक वर्षं तग धरला आणि १८८७ मध्ये ते बूनमध्ये विलीन झालं. जिल्हा कचेरी मात्र आजही जुन्या भागात, पश्चिमेलाच आहे. बाजार एकीकडे आणि कोर्ट दुसरीकडे असं का, याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या वळशात आहे. थोडक्यात, बून जन्मलं तेच दुसऱ्या गावाला बगल देऊन.

आणि आता केट शेली. आयोवातल्या शाळकरी पोरांना ही गोष्ट पाठ असते. मला ती तुकड्यातुकड्यांनी कळली.

बूनच्या नैऋत्येला डे मॉईन नदीच्या खोऱ्यात मोइंगोना नावाची वस्ती होती. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न या रेल्वे कंपनीचा मुख्य मार्ग तेव्हा बूनहून त्या खोऱ्यात उतरायचा, नदी ओलांडायचा, आणि पलीकडे पुन्हा चढायचा. चढ अवघड, म्हणून गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं मोइंगोनाला कायम तयार असत. शेली कुटुंब आयर्लंडहून आलेलं, नदीच्या अलीकडे हनी क्रीक नावाच्या ओढ्याजवळ राहणारं. वडील रेल्वेतच होते, १८७८ मध्ये वारले. मागे आई आणि पोरं. मोठी केट, १८८१ मध्ये ती पंधराची होती की सतराची, यावर अजून एकमत नाही. शेत तीच बघायची.

६ जुलै १८८१. दिवसभर पाऊस, ओढ्याला पूर. रूळ तपासायला मोइंगोनाहून एक इंजिन निघालं, त्यावर चार माणसं. रात्री अकराच्या सुमाराला हनी क्रीकवरचा लाकडी पूल त्या इंजिनासकट खाली गेला. केटने घरातून आवाज ऐकला. चौघांपैकी दोघे वाहून गेले, दोघे पाण्यात झाडांना धरून राहिले. मध्यरात्रीच्या सुमाराला पश्चिमेकडून एक्स्प्रेस यायची होती आणि तिला पुढे हाच ओढा ओलांडायचा होता. तिला थांबवायचं तर मोइंगोना स्टेशन गाठायला हवं, आणि स्टेशन नदीच्या पलीकडे.

मधे पूल. सातशे फुटांच्या आसपास लांब. माणसांनी त्यावरून ये-जा करू नये म्हणून कंपनीने पायाखालच्या फळ्या काढून टाकल्या होत्या, असं सांगतात. उरले ते रूळ आणि त्यांच्याखालचे स्लीपर, मधे मधे फटी, खाली फुगलेली नदी. हातातला कंदील विझला. ती रांगत गेली. वीज चमकली की पुढचा स्लीपर दिसायचा, मग पुन्हा काळोख, मग हाताने चाचपत पुढे. स्कर्ट खिळ्यांत अडकत होता. मी लहानपणी तापीच्या पुलावर, दिवसाढवळ्या, दोन स्लीपरांमधून खाली पाहिलं आहे. पाणी पळतं आणि आपण स्थिर, की आपण पळतोय, तेच समजेनासं होतं आणि पोटात ढवळतं. या मुलीने ते रात्री केलं. स्टेशनवर पोचून तिने सांगितलं, तारा गेल्या, गाडी अलीकडच्या ऑग्डेन स्टेशनलाच रोखली गेली. गाडीत दोनशेच्या आसपास माणसं होती म्हणतात. मग ती बचावाला निघालेल्या लोकांसोबत परत फिरली आणि झाडांना लटकलेले दोघे कुठे आहेत ते तिने दाखवलं. माझ्या मते पूल ओलांडण्याइतकंच हे परत फिरणं मोठं आहे, पण चित्रांत नेहमी पूलच काढतात.

त्यानंतर तिला काय मिळालं? आयोवा राज्याने सोन्याचं पदक आणि २०० डॉलर दिले. रेल्वे कंडक्टरांच्या संघटनेने सोन्याचं घड्याळ दिलं. आणि कंपनीने, जिची गाडी वाचली त्या कंपनीने, १०० डॉलर, अर्धं पिंप कणीक, अर्धी गाडी कोळसा आणि जन्मभराचा पास दिला. अर्धं पिंप! पूर्ण का नाही, असा प्रश्न त्या काळी कोणालाच पडला नसेल का? शेतावर कर्ज होतं ते होतंच. पुढे शिकागो ट्रिब्यूनने लोकांकडून पैसे गोळा केले तेव्हा ते फिटलं. एक मात्र कंपनीने केलं म्हणतात: केट गाडीत असली की ती तिच्या घरापाशी थांबायची. तिथे स्टेशन नव्हतं, फक्त केट होती.

आज बूनला येणारे पाहुणे 'केट शेली हाय ब्रिज' बघायला जातात. मीही जे कोणी घरी येतं त्याला नेते. गावाच्या पश्चिमेला कच्च्या रस्त्याने खोऱ्यात उतरायचं, धूळ, ओल्या मातीचा आणि रानटी भांगेचा वास, आणि मग झाडी संपते आणि तो समोर येतो. एक नव्हे, दोन. जुना १९०१ चा, १८५ फूट उंच, २६८५ फूट लांब, पोलादी पायांच्या जाळीचा. त्याला खेटून २००९ चा नवा, काँक्रीट आणि पोलादाचा, आणखी थोडा उंच. जुन्यावरून जड गाड्या रखडत जायच्या, नव्यावरून दोन गाड्या एकाच वेळी सुसाट जातात. बघणारा प्रत्येकजण मान वर करून म्हणतो, "बाप रे, ह्याच्यावरून रांगत गेली?"

नाही. तो पूल खाली दक्षिणेला होता. हा बांधला गेला तेव्हा त्या रात्रीला वीस वर्षं होत आली होती. आणि हा बांधला गेला तो खोऱ्यात उतरायची-चढायची कटकट संपवायला. हा झाला आणि मुख्य मार्ग मोइंगोनावरून उठला. ढकलायची इंजिनं नकोत, म्हणजे ती चालवणारी, पुसणारी, त्यांना पाणी-कोळसा देणारी माणसं नकोत. मोइंगोना शाखेवरचं ठाणं होऊन बसलं, मग तेही राहिलं नाही. बून्सबरोला वळसा घालताना जे झालं तेच, फक्त या वेळी आकाशातून. ज्या पुलाने केटचं गाव बाजूला टाकलं, त्याच पुलाला पुढे केटचं नाव मिळालं. यात कोणी मुद्दाम क्रूरपणा केला असं मला वाटत नाही. कंपनीला उतार वाचवायचा होता आणि लोकांना केटची आठवण ठेवायची होती, दोन्ही खरं. तरी त्या पुलाखाली उभं राहिलं की मला थोडं कसंसंच होतं.

आणि १९०३ मध्ये, म्हणजे मुख्य मार्ग उठून गेल्यावर, कंपनीने केटला नोकरी दिली. मोइंगोनाची स्टेशन एजंट. जिथून आता मोठी गाडी जात नव्हती त्या स्टेशनात. ती १९१२ च्या जानेवारीत वारली, त्याच्या थोडं आधीपर्यंत तिने ते काम केलं.

१९५५ मध्ये शिकागोहून पश्चिम किनाऱ्याकडे जाणाऱ्या ऐटदार गाड्या दुसऱ्या कंपनीच्या मार्गावर गेल्या, तेव्हा नॉर्थ वेस्टर्नने आपली एक नवी गाडी काढली आणि तिला नाव दिलं 'केट शेली ४००'. तिची धाव आखडत गेली आणि शेवटी ती मिसिसिपीकाठच्या क्लिंटनलाच संपू लागली, बूनच्या तीनशेहून जास्त किलोमीटर अलीकडे. केटच्या नावाची गाडी केटच्या भागात येतच नव्हती. ही कंपनीही १९९५ मध्ये युनियन पॅसिफिक या दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या पोटात गेली.

नाना, म्हणजे माझे वडील, आले होते तेव्हा त्यांना घेऊन पुलापाशी गेले. त्यांनी घरून निघताना खिशात पेन आणि छोटी वही घेतली होती, ड्यूटीवर निघाल्यासारखी. झाडाखाली आम्ही रस्त्यावर विकत घेतलेलं कणीस खात बसलो. इकडचं कणीस गोड, दूधाळ, नानांना ते बेचव वाटलं. "तिखट-मीठ-लिंबू लावल्याशिवाय हे नुसतं गुरांचं खाद्य." मग लांबून घरघर आली. गाडी पुलावर चढली आणि जातच राहिली. पुढे इंजिनं, मधे कुठेतरी इंजिन, कंटेनरवर कंटेनर. नानांनी डबे मोजायला सुरुवात केली आणि शंभराच्या पुढे ओठ हलायचे थांबले. शेवटचा डबा आला. त्याच्या मागे फक्त एक लहानशी चौकोनी पेटी, तिच्यावर लुकलुकणारा लाल दिवा.

"ब्रेकव्हॅन?"

"नाही नाना. गार्डचा डबा इथे कधीच काढून टाकला. तो दिवाच आहे फक्त. हवेचा दाब तो पुढे इंजिनात कळवतो."

"आणि माणसं किती?"

"दोन. दोघंही पुढे."

ते खूप वेळ काही बोलले नाहीत. तीस-पस्तीस वर्षं शेवटच्या डब्यात उभं राहून, मागे सरकणारे रूळ बघत या माणसाने नोकरी केली. एकटा, पावसाळ्यात अंगावर पाणी घेत, हातात हिरवा-लाल झेंडा नाहीतर दिवा. मला वाटलं, चिडतील. पण म्हणाले, "बरोबर आहे. एवढ्या लांब गाडीत मागे बसलेल्याला पुढचं काय कळणार?" मग जरा थांबून, "पण मागून दुसरी आली तर?" आणि मग त्यांनी मला, बहुधा शंभराव्यांदा, नियम सांगितला. गाडी मधेच अडकली तर गार्डने मागे चालत जायचं. सहाशे मीटरवर एक डिटोनेटर, म्हणजे चाकाखाली आला की धडाका करणारा फटाका, रुळाला बांधायचा, बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतर सोडून. पाऊस असो, रात्र असो, साप असो. मी त्यांना केटची गोष्ट सांगितलीच होती. पण आता त्यांना पूल, ओढा, स्टेशन, सगळी अंतरं हवी होती. जमिनीवर काडीने त्यांनी नकाशा काढून घेतला. "बाराशे मीटरचा आम्हाला नियम होता," म्हणाले, "आणि पगार होता. डिटोनेटर सरकारी, दिवा सरकारी. हिला कोणी सांगितलं होतं?" मोइंगोनाचं काय झालं ते ऐकल्यावर मात्र त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "कसाऱ्याला घाटात ढकलायला बँकर इंजिनं लागतात म्हणून कसारा आहे. उद्या सरळ बोगदा काढला की बघ."

नॉर्थ वेस्टर्नच्या दुहेरी मार्गावर गाड्या डावीकडून धावायच्या, बाकी अमेरिकेच्या उलट आणि आपल्यासारख्या, हे कळलं तेव्हा ते सर्वात खूश झाले. केटच्या कंपनीबद्दलचा राग तेवढ्यापुरता मावळला.

बूनच्या लोकांनी एक गोष्ट केली आहे, ती मला कळते आणि नाहीही कळत. १९८३ मध्ये जवळची एक जुनी, बंद पडू घातलेली लाईन गावकऱ्यांनी वाचवली. त्यावर आता पर्यटकांची गाडी चालते, खोऱ्यात उतरते, दुसऱ्याच एका उंच पुलावरून जाते आणि परत येते. चालवणारे बहुतेक स्वयंसेवक: निवृत्त माणसं, शिक्षक, कोणी शेतकरी. वाफेचं इंजिन मिळालं नाही तर त्यांनी १९८० च्या दशकात बनलेलं कोरं करकरीत इंजिन थेट चीनमधल्या दातोंगच्या कारखान्यातून मागवलं. मक्याच्या शेतांतून चिनी इंजिन धूर सोडत जातं, आणि पोरं खिडकीतून हात हलवतात. गाडी कुठेही पोचवत नाही. निघाली तिथेच परत आणते. असंच या गावाने मेमी आयझेनहॉवरचं जन्मघरही जपून ठेवलं आहे. राष्ट्राध्यक्षाची बायको १८९६ मध्ये इथे जन्मली, आणि अगदी लहान असतानाच कुटुंब गाव सोडून गेलं. जे निघून गेलं ते जपायची या गावाला सवय आहे. कधी मला ते केविलवाणं वाटतं, आणि कधी वाटतं, कंपनीने दिलेलं काहीच उरलं नाही तेव्हा यांनी स्वतःच्या हातांनी रूळ, इंजिन, तिकीट खिडकी सगळं उभं केलं, यापेक्षा वेगळं काय करायचं असतं? भुसावळला वाफेची इंजिनं गेली तेव्हा लोको शेडमधले लोक काही दिवस गप्प होते, मग डिझेल शिकले. आम्हाला इंजिन जपायची गरज पडली नाही, कारण गाड्या थांबत होत्या.

परतताना नाना मोटारीत वही उघडून बसले होते. मला वाटलं, डबे लिहून ठेवताहेत. "ती एजंट कधी झाली म्हणालीस?"

"१९०३."

"आणि वारली १९१२, जानेवारी. म्हणजे नऊच वर्षं." पेनची टोपी त्यांनी दातात धरली होती. "दहा पूर्ण नाहीत. आपल्याकडेसुद्धा पेन्शन बसली नसती."

मी म्हटलं, नाना, तिला पेन्शन कोण देणार होतं, अर्धं पिंप कणीक दिली त्यांनी. त्यांनी ऐकलंच नाही. खालच्या ओळीवर पुन्हा आकडे मांडले.

"नेमणूक ६ जुलै १८८१ पासून धरायला हवी," ते म्हणाले. "मग होतात साडेतीस. त्यात नाईट अलाउन्स वेगळा."